मदत हवी आहे: संगीत घेऊन बी.ए. करणाऱ्या विद्यार्थ्यांना शाळेत शिकवण्यासाठी कसे तयार करावे?

नमस्कार.

यवतमाळ जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी असलेल्या कला महाविद्यालयात मी संगीत शिकवते. आमचे महाविद्यालय संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाशी संलग्न आहे. आमच्या विद्यार्थ्यांपैकी फार थोडे जण पुढे मैफलीत गातात. बहुतेकांना मिळते ते काम शिकवण्याचे असते, मग ते आश्रमशाळेत मानधनावर असो, एखाद्या इंग्रजी माध्यमाच्या शाळेत तासिका तत्त्वावर असो, की स्वतःच्या घरी चालवलेल्या वर्गात असो. असे असूनही ‘शिकवावे कसे’ या प्रश्नाला आमच्या शिकवण्यात जवळजवळ जागा नाही. येत्या सत्रापासून विद्यार्थ्यांना आसपासच्या शाळांत पाठवून प्रत्यक्ष शिकवण्याचा अनुभव द्यावा आणि ते कामाला लागल्यावरही पहिली एक-दोन वर्षे त्यांच्या पाठीशी उभे राहावे, असे आमच्या विभागात ठरले आहे. ते कसे पार पाडावे याबद्दल अनुभवी मंडळींचे मार्गदर्शन हवे आहे.

अडचण नेमकी कोठे आहे ते सविस्तर लिहिते. पदवीच्या शेवटच्या वर्षापर्यंत आमच्या विद्यार्थ्याने ठरलेल्या रागांतील बडे व छोटे ख्याल, आलाप-ताना, तालांची ठाय-दुगुण आणि भातखंडे व पलुस्कर या दोन्ही स्वरलिपी पद्धती अभ्यासलेल्या असतात. अनेक जण जोडीने अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा देतात आणि विशारदपर्यंत पोहोचतात. ही तयारी मोलाची आहे आणि तिच्यात काटछाट करावी असे मला मुळीच वाटत नाही. परंतु ही सारी तयारी परीक्षकासमोर एकट्याने बसून गाण्याची आहे. शाळेत समोर चाळीस मुले असतात, तासिका पस्तीस मिनिटांची असते, पेटी असलीच तर तिचे दोन-तीन सूर बोलत नाहीत, आणि शेजारच्या वर्गात गणिताचा तास चालू असतो. अशा वेळी भूप रागाची बंदिश उत्तम गाणारी मुलगीसुद्धा पहिली दहा मिनिटे वर्ग शांत करण्यात घालवते आणि उरलेल्या वेळात फळ्यावर आरोह-अवरोह लिहून देते. मुले ते वहीत उतरवून घेतात आणि गाणे होतच नाही.

याच मुलीला दुसरीकडे पाहिले की मला फार आशा वाटते. आमच्या भागातील गावागावांत राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या परंपरेतील सामुदायिक प्रार्थना आणि खंजिरी भजने आजही होतात. आघाडीचा गायक ओळ देतो, मंडळी ती उचलतात, नवखा माणूस मागच्या रांगेत बसून चार-सहा महिन्यांत तयार होतो, आणि कोणालाही ‘तुला सूर नाही’ असे म्हणून उठवले जात नाही. आमचे कित्येक विद्यार्थी अशा मंडळांतूनच आलेले आहेत. समूहाला गायला शिकवण्याची एक उत्तम पद्धत त्यांच्या अंगवळणी पडलेली असते; मात्र ती पद्धत वर्गात वापरण्याजोगी आहे, हे त्यांना कोणी सांगितलेले नसते. मुलींना भुलाबाईच्या खेळातली गाणी पाठ असतात. पोळ्याच्या झडत्या (सणाला म्हणायच्या तुकबंद ओळी) म्हणताना मुले ज्या ठसक्याने लय सांभाळतात, तशी लय मात्रा मोजून घोकलेल्या त्रितालातही अनेकदा सापडत नाही. ही सामग्री प्रशिक्षणात यावी, असे मला मनापासून वाटते. हंगेरीमध्ये झोल्तान कोदाय यांनी मुलांच्या संगीतशिक्षणाचा पाया मातृभाषेतील लोकगीतांवर रचला, त्यामागची दृष्टीही हीच होती.

बी.एड. केल्याने ही उणीव भरून निघेल, असे अनेक जण सुचवतात. २०१५ पासून दोन वर्षांच्या झालेल्या बी.एड.मध्ये वीस आठवड्यांची शालेय आंतरवासिता (इंटर्नशिप) आहे आणि कला व नाट्य यांसाठी एक छोटा घटकही आहे. पण माझ्या पाहण्यातल्या बी.एड. महाविद्यालयांत संगीत ही अध्यापन पद्धती म्हणून घेता येत नाही. संगीताचा पदवीधर मराठीचे किंवा इतिहासाचे सराव पाठ घेतो, पाठ टाचण लिहायला शिकतो आणि शाळेत गाणे शिकवण्यापुरता होता तेथेच राहतो. शिवाय आपल्याकडे ‘कलाशिक्षक’ म्हटले की शाळांच्या डोळ्यांसमोर चित्रकलेचा शिक्षक येतो, कारण कला शिक्षक पदविकेची वाट चित्रकलेतूनच जाते. अमेरिकेतील विद्यापीठांत संगीतशिक्षणाची स्वतंत्र पदवी असते, तिच्यात शेवटी साधारण एक सत्रभर शाळेतल्या अनुभवी संगीतशिक्षकाच्या हाताखाली शिकवावे लागते. आमच्या तालुक्यात मात्र ज्याच्या हाताखाली पाठवावे असा संगीतशिक्षक शाळेत शोधूनही मिळणे कठीण आहे.

त्याचे एक कारण कायद्यातच आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी कलाशिक्षणाचा अंशकालीन निदेशक मिळायचा तो शंभरावर पटसंख्या असलेल्या शाळेला. आमच्याकडील वाड्या-पोडांवरच्या (पोड म्हणजे कोलामांची वस्ती) शाळांचा पट त्याच्या जवळपासही जात नाही. तेथे दोन शिक्षक चार वर्ग सांभाळतात आणि कलेच्या श्रेणीही तेच भरतात. म्हणजे २०२३ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने कलाशिक्षणाला स्वतंत्र स्थान दिले, तरी या शाळांपर्यंत संगीत पोहोचवायचे असेल तर सध्या महाविद्यालयाचा विद्यार्थी हाच एक व्यवहार्य मार्ग मला दिसतो.

नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदवीला आता क्षेत्रप्रकल्प, समुदाय सहभाग आणि कार्यप्रशिक्षण यांना श्रेयांक (क्रेडिट) आहेत, आणि प्रात्यक्षिक स्वरूपाच्या एका श्रेयांकासाठी तीस तास धरले जातात. हे तास जिल्हा परिषदेच्या शाळांत गायन शिकवण्यासाठी वापरावेत, अशी आमची कल्पना आहे. येथे मला काही गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. शाळेशी करार कसा करावा आणि परवानगी कोणाची घ्यावी? शाळेत संगीत जाणणारा कोणीच नसेल तर विद्यार्थ्याच्या कामाचे निरीक्षण कोणी व कशाच्या आधारे करावे? लहान मुलांच्या आवाजाबद्दल विद्यार्थ्यांना काय शिकवून पाठवावे? ज्या पोडांवर मुले घरी कोलामी किंवा गोंडी बोलतात, तेथे सुरुवात कोणत्या गाण्यांनी करावी? आणि पदवी घेऊन कामाला लागलेल्या, शाळेत एकट्या पडलेल्या आमच्या माजी विद्यार्थ्यांना नियमित आधार देण्याची व्यवस्था कोणी उभी केली असेल, तर ती कशी चालते?

प्रतिसाद: निवृत्त संगीतशिक्षक, वर्धा जिल्हा

मॅडम, आपल्या प्रश्नांपैकी आवाजाविषयीच्या एकाच प्रश्नावर लिहितो, कारण प्रशिक्षणात त्याकडे सर्वांत कमी लक्ष जाते. आपल्या विद्यार्थिनी काळी चार किंवा काळी पाच या पट्टीत, म्हणजे पेटीची चौथी किंवा पाचवी काळी पट्टी षड्ज (‘सा’) धरून, गात असतील. स्त्रियांच्या आवाजाला ती योग्यच आहे, पण तिसरी-चौथीच्या मुलाला त्या पट्टीतला मध्य षड्जच खाली पडतो आणि मंद्र (खालच्या) सप्तकात तर त्याचा आवाज उतरतच नाही. मूल मग गाण्याऐवजी पुटपुटते, आणि त्याला सूर नाही असा समज होतो. लहान मुलांसाठी षड्ज पांढरी एक ते पांढरी तीन यांच्या दरम्यान धरावा, म्हणजे सप्तक त्यांच्या आवाक्यात येते. पुरुष शिक्षकाची अडचण निराळी आहे. तो काळी एकमध्ये गातो, ती पट्टी मुलांनाही चालण्यासारखी असते, पण त्याचा आवाज मुलांच्या आवाजापेक्षा एक सप्तक खाली असतो. तो खालचा सूर पकडण्यासाठी मुले घसा दाबून घोगरे गातात. अशा वेळी पेटीवर वरच्या सप्तकात सूर द्यावा, किंवा सुरात असलेल्या एखाद्या मुलीला ओळ आधी म्हणायला सांगावी.

विद्यार्थ्याला शाळेत पाठवल्यावर पहिले काम राष्ट्रगीताचे द्या. त्याची चाल मंद्र निषादापासून (खालच्या ‘नी’पासून) तार षड्जापर्यंत (वरच्या ‘सा’पर्यंत) जाते. परिपाठात जो आधी सुरू करील त्याच्या पट्टीत सगळी शाळा ओढली जाते, आणि पट्टी चढी लागली असेल तर ‘जय हे’ला मुले अक्षरशः ओरडतात. पेटीवर षड्ज देऊन, सगळ्यांना तो गुणगुणायला लावून मग ५२ सेकंदांत राष्ट्रगीत नीट म्हणवून घेणे, एवढे जरी विद्यार्थ्याने त्या शाळेत रुजवले तरी ते मोठे काम आहे, कारण ते रोज होणार आहे.

सातवी-आठवीच्या मुलांचे आवाज फुटत असतात. त्यांना गाण्यातून बाजूला काढू नये. त्यांना ढोलकी, खंजिरी, टाळ द्यावेत आणि चार-पाच स्वरांत बसणारी ओळ खालच्या सप्तकात म्हणू द्यावी. या वयात ‘तू गाऊ नकोस’ असे ऐकलेला मुलगा पुढे आयुष्यभर गात नाही, असे मी नोकरीच्या काळात पुष्कळ पाहिले.

प्रतिसाद: मुख्याध्यापक, जिल्हा परिषद शाळा, अमरावती जिल्हा

परवानगीबाबत: महाविद्यालयाच्या प्राचार्यांचे पत्र, विद्यार्थ्यांची यादी, वार आणि वेळ यांसह गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा, त्याची प्रत केंद्रप्रमुखांना द्यावी, आणि शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत विषय मांडून घ्यावा. वेळेसाठी शनिवारची सकाळची शाळा सर्वांत सोयीची आहे, कारण ‘आनंददायी शनिवार’ उपक्रमासाठी आम्हाला कृती हव्याच असतात. कापूस वेचणीच्या हंगामात मोठ्या मुलांची उपस्थिती घटते, म्हणून नवीन गाणे शिकवण्याचे काम जुलै ते सप्टेंबरमध्ये उरकावे.

एक विनंती आहे. तुमचे विद्यार्थी आले की शाळा त्यांना स्नेहसंमेलनातील नाच बसवण्याच्या कामाला लावतील. आम्हीही लावू. तसे होऊ नये असे वाटत असेल तर करारातच स्पष्ट लिहून घ्या. तसेच प्रत्येक तासाला वर्गशिक्षक वर्गात बसून मुलांसोबत गातील, अशी अट घाला. तुमचा विद्यार्थी सत्र संपल्यावर जाईल, पण वर्गशिक्षकाला आलेली दहा गाणी शाळेतच राहतील.

प्रतिसाद: अध्यापक महाविद्यालयातील प्राध्यापिका, अकोला

निरीक्षणासाठी संगीत जाणणारी व्यक्ती प्रत्येक वेळी हजर असण्याची गरज नाही. वर्गशिक्षकांना तीनच गोष्टी नोंदवायला सांगा: तासातील किती मिनिटे मुले स्वतः गात किंवा वाजवत होती, किती मुले गप्प बसून होती, आणि विद्यार्थ्याने चूक सुधारताना मुलाला बोलून दाखवले की गाऊन दाखवले. यासाठी संगीताचे ज्ञान लागत नाही. गायनाची बाजू तपासण्यासाठी विद्यार्थ्याने आठवड्यातून एकदा पाच मिनिटांचे ध्वनिमुद्रण आपल्याकडे पाठवावे आणि ते विभागात सर्वांनी मिळून ऐकावे. शाळेत जाण्यापूर्वी महाविद्यालयातच सूक्ष्म अध्यापनाचे पाठ अवश्य घ्या. एका पाठात केवळ षड्ज देणे, दुसऱ्यात एक ओळ उचलायला लावणे, तिसऱ्यात हाताने लय धरून घेणे, एवढाच आवाका ठेवावा. पूर्ण गाणे शिकवण्याची घाई पहिल्या महिन्यात करू नये.

मूळ लेखिकेचे उत्तर

आपणा सर्वांची मी मनापासून आभारी आहे. पट्टीविषयी सरांनी लिहिलेले सर्व काही प्रात्यक्षिकाच्या पहिल्याच पाठात घेणार आहे. वर्गशिक्षकांनी सोबत गाण्याची अट आणि स्नेहसंमेलनाविषयीचे कलम करारात घालू. निरीक्षणाचे तीन प्रश्नही जसेच्या तसे वापरेन, मॅडमची हरकत नसावी. सूक्ष्म अध्यापनासाठी झडत्या आणि भुलाबाईची गाणी घेता येतील, कारण ती कमी स्वरांत फिरतात आणि आमच्या विद्यार्थिनींना नव्याने पाठ करावी लागत नाहीत.

दोन प्रश्न अजून शिल्लक आहेत. पहिला कोलामी आणि गोंडी बोलणाऱ्या मुलांचा. त्यांच्या आयांकडून व आजींकडून गाणी ऐकून, त्यांच्या संमतीने ती लिहून घ्यावीत आणि वर्गाची सुरुवात त्याच गाण्यांनी करावी, असे मनात आहे. मात्र सणाशी किंवा देवकार्याशी जोडलेली गाणी कोठेही, केव्हाही गाणे त्या समाजाला रुचत नाही, हे मला ठाऊक आहे. मेळघाटात किंवा गडचिरोलीत असे काम केलेल्या कोणी, वर्गासाठी गाणी कशी निवडली हे लिहिले तर फार उपयोग होईल.

दुसरा प्रश्न माजी विद्यार्थ्यांचा. सध्या महिन्यातून एका रविवारी त्यांना विभागात बोलवावे, प्रत्येकाने त्या महिन्यात अडलेला एक प्रसंग मांडावा आणि एक नवे गाणे सर्वांनी मिळून बसवावे, असे योजले आहे. परंतु मानधनावर काम करणाऱ्या मुलीला दूरच्या गावाहून बसने येण्या-जाण्याचा खर्च परवडत नाही, आणि पावसाळ्यात कित्येक गावांहून सायंकाळी परतीची बस मिळत नाही. केंद्रस्तरावरील शिक्षण परिषदेत आम्हाला अर्धा तास मिळाला तर आम्हीच त्यांच्या जवळ जाऊ शकू. अशी वेळ कोणत्या केंद्राने महाविद्यालयाला दिली असल्यास, त्यासाठी केलेल्या अर्जाचा नमुना कृपया येथे द्यावा.