मदत हवी आहे: आक्नाकॅरीच्या कमांडो छावणीबद्दल

नमस्कार मंडळी,

स्कॉटलंडमधल्या आक्नाकॅरी इथल्या, दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश कमांडो प्रशिक्षण छावणीवर मराठीत लेख लिहिते आहे. कॅमेरॉन घराण्याच्या गढीत १९४२ साली ही छावणी सुरू झाली, प्रमुख होते लेफ्टनंट कर्नल चार्ल्स व्हॉन. स्पीन ब्रिज स्टेशनवर उतरलेल्या जवानांना थेट सुमारे सात मैल चालवत छावणीत नेत. वाटेत, प्रशिक्षणात केलेल्या चुकांनी मेलेल्यांच्या म्हणून खोट्या कबरी दिसत! आर्केग नदीवरून दोरावरून जाणं, जिवंत गोळ्यांच्या माऱ्यात होड्या किनाऱ्याला लावणं, हे सगळं इथे शिकवलं जाई. ब्रिटिशांखेरीज अमेरिकी रेंजर (अमेरिकी सैन्यातले कमांडोसारखे जवान), फ्रेंच, नॉर्वेजियन, डच, बेल्जियनही इथे तयार झाले.

माझं अडतंय ते एका ठिकाणी. १९४० मध्ये स्कॉटलंडमधल्याच लोखायलॉर्टच्या प्रशिक्षण केंद्रात फेअरबेर्न आणि साइक्स या शांघाय पोलिसांतल्या माजी अधिकाऱ्यांनी शिकवलेली हातघाईची लढाई आक्नाकॅरीच्या अभ्यासक्रमात कशी आली? ही साखळी मला फार महत्त्वाची वाटते, आणि ती नेमकी मांडल्याशिवाय लेख पुरा करायचा नाही. तिथल्या प्रशिक्षकांच्या आठवणी, मुलाखती किंवा रोजचं वेळापत्रक कुणी वाचलंय का? लंडनमधल्या क्यू (Kew) इथल्या ब्रिटनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात काम केलेलं कुणी असेल, तर छावणीची युद्धदैनंदिनी कशी शोधायची तेही कृपया सांगा.