डिपॉझिटचं भांडण चावी देतानाच टाळा
भाड्याचं घर सोडताना डिपॉझिट परत करण्यावरून मालक आणि भाडेकरूत वाद होतात, आणि त्यावर 'करार कडक करा' असं सुचवलं जातं. करार हवाच, पण भांडण बहुतेकदा भिंतीवरच्या एका डागावरून होतं आणि तो डाग आधीचा की नंतरचा, हे करारात कुठेच नसतं. चावी देताना दोघांनी मिळून खोलीवार यादी करावी. पंखे, नळ, कड्या, गीझर चालतो का, विजेच्या मीटरचं रीडिंग. सिंकखालचा पाइप आणि बाथरूमच्या छताचे कोपरे यांचे फोटो हमखास राहतात, आणि ओल नेमकी तिथेच धरते. फोटो त्याच दिवशी एकमेकांना पाठवले की तारखेचीही नोंद राहते.

दुरुस्तीचं म्हणाल तर रंग फिका पडणं, नळाचा वॉशर जाणं ही झीज, मालकाच्या खात्यात. फुटलेलं बेसिन हे नुकसान. हा फरक आधीच लिहून ठेवा. गळतीची तक्रार आली आणि प्लंबर लगेच मिळत नसेल, तर 'परवा सकाळी येतोय' एवढं तरी कळवा. भाडेकरू गळतीपेक्षा मालकाच्या मौनावर जास्त चिडतो. घर पाहायला जायचं असेल तर आदल्या दिवशी विचारा. आपल्याकडची चावी लावून आत शिरू नका (हे भल्याभल्या मालकांना पटत नाही).