नस, शीर, चेता: अन्ननळीच्या ‘नसां’ना मराठीत म्हणायचं काय?

मूळ प्रश्न (नेर, यवतमाळ)

माझ्या मोठ्या आईला दोन-अडीच वर्षांपासून घास खाली उतरत नाही. आधी भाकर अडकायची, मग वरणभातही, आता कधीकधी पाणीसुद्धा. जेवताना ती मधेच उठून उभी राहते, दोन्ही हात वर करते, मग तांब्याने घटाघटा पाणी पिते. तेव्हा कुठे छातीतला गोळा सरकतो. रात्री आडवं झालं की खाल्लेलं तसंच तोंडात येतं, आणि ते आंबटही नसतं. पहिलं दीड वर्ष पित्ताच्या गोळ्यांत गेलं.

शेवटी शहरातल्या डॉक्टरांनी दुर्बीण घालून पाहिलं, बेरियम पाजून फोटो काढले, अचलासिया हे नाव सांगितलं आणि समजावलं, ‘अन्ननळीच्या नसा काम करत नाहीत.’ वाक्य चुकीचं नाही. पण घरी आल्यावर त्याचं काय झालं ते ऐका. मोठे बाबा म्हणाले, ‘नसंत रक्त कमी पडलं असन.’ शेजारची काकू म्हणाली, ‘नस चढली असन, चोळून घ्या.’ दुसऱ्या दिवशी नस बसवणारा माणूस अंगणात हजर. त्याने तेल लावून तिचा गळा चोळला, आणि ती बिचारी डोळे मिटून बसून राहिली.

एका शब्दाने एवढा घोळ केला. म्हणून विचारतो: मेंदूकडे आणि मेंदूकडून निरोप नेणाऱ्या तंतूला खेड्यात कळेल असा शब्द कोणता? मज्जातंतू, चेतातंतू, तंत्रिका हे मला ठाऊक आहेत. पण अंगणात बसलेल्या माणसाला काय सांगू?

प्रतिसाद (साकोली, भंडारा)

भाऊ, मी नर्स आहे. दिवसातून दहा वेळा हाच घोळ ऐकते. सलाईन लावताना पेशंट म्हणतो, ‘बाई, माझी नस सापडत नाही.’ ती रक्ताची. तोच पेशंट कंबर धरून म्हणतो, ‘नस दबली.’ ती चेतेची. पायात गोळा आला की ‘नस चढली’, ते तर स्नायूचं आखडणं. तीन वेगळ्या गोष्टी, शब्द एकच. आमच्याकडे म्हातारी माणसं रक्तवाहिनीला अजून ‘शीर’ म्हणतात. तो शब्द रक्तापुरता ठेवला तर अर्धं काम होईल.

प्रतिसाद (अचलपूर)

अचलासिया हे नाव आमच्या अचलपूरच्या सख्ख्या भावासारखं ऐकू येतं! पण नातं नाही. ते ग्रीक आहे: ‘अ’ म्हणजे नाही आणि ‘खालासिस’ म्हणजे सैल होणं. जे सैल होत नाही ते. आपलं अचल म्हणजे न हलणारं. मुळं वेगळी असली तरी लक्षात ठेवायला जोडी चांगली आहे. फक्त एक लक्षात घ्या, दुखण्याचं खरं मर्म ‘हलत नाही’पेक्षा ‘सैल होत नाही’ यात जास्त आहे.

मूळ प्रश्नकर्त्याचं उत्तर

ताई, दादा, दोघांचे आभार. अचलपूरच्या दादांनी शेवटी जे लिहिलं तिथूनच माझी गाठ सुटायला लागली.

आधी ‘नस’. कोशकार तिचं मूळ संस्कृत ‘स्नसा’ असं देतात, म्हणजे स्नायूबंध, कंडरा, स्नायूला हाडाशी बांधणारी दोरी. आता गंमत नव्हे, खरीच विचार करण्यासारखी गोष्ट: ग्रीक ‘न्यूरॉन’ आणि लॅटिन ‘नेर्वुस’ यांचाही जुना अर्थ कंडराच. कापल्यावर पांढरी दोरी दिसते, ती ताणाची की निरोपाची हे नुसत्या डोळ्याला कळत नाही. म्हणजे नस बसवणाऱ्याचा गोंधळ अडाणीपणाचा नाही. तो फार जुना आहे.

त्यात विदर्भात आणखी एक पेच आहे. आपल्याकडे हिंदी घराघरांत आहे. मराठीत ‘स्नायू’ म्हणजे मांसपेशी, पण हिंदीत ‘स्नायु तंत्र’ म्हणजे चेतासंस्था. हिंदी टीव्हीवर आरोग्याचा कार्यक्रम पाहून मराठीत सांगायला गेलं की अर्थ उलटतो. ‘मज्जातंतू’लाही मी फारसा राजी नाही. मज्जा म्हटलं की आपल्याला नळीचं हाड आणि त्यातला मगज आठवतो.

शाळेच्या पुस्तकातला ‘चेता’ मला सगळ्यांत सरळ वाटतो. चेतवणं, चेतणं ही आपलीच क्रियापदं आहेत, चूल चेतवतो तीच. पण इथे एक अडचण येते, आणि ती समजायला आतड्याकडे जवळून पाहावं लागतं.

लहानपणी पोळ्याच्या करीला बोकड कापायचे. परातीत काढून ठेवलेलं आतडं मी वाकून पाहत बसायचो. जनावर संपलेलं, मुंडकं बाजूला, तरी आतडं हळूहळू वळवळत असायचं. एका जागी आवळायचं, पुढे फुगायचं, पुन्हा आवळायचं. आजी म्हणायची, ‘त्याचा जीव अजून आतड्यात हाय.’ तिच्या वाक्याच्या फार जवळ जाणारं काम लंडनमध्ये बेलिस आणि स्टार्लिंग या दोघांनी 1899 साली छापलं होतं. त्यांनी कुत्र्याच्या आतड्याला बाहेरून येणाऱ्या चेता तोडल्या. तरीही आतड्यात एका जागी दाब दिला की त्याच्या वरचा भाग आवळायचा आणि खालचा सैल व्हायचा. म्हणजे हुकूम बाहेरून येत नव्हता. तो आतड्याच्या भिंतीतच होता.

भिंतीतली ती जाळी त्याआधीच सूक्ष्मदर्शकाखाली दिसली होती. माइसनर आणि औअरबाख या जर्मन शास्त्रज्ञांपैकी माइसनरला 1857 मध्ये आतल्या थरात, औअरबाखला 1860 च्या दशकात स्नायूंच्या दोन थरांमध्ये. 1921 मध्ये लँग्ली या इंग्रज शरीरक्रियाशास्त्रज्ञाने आतड्याच्या या संस्थेला वेगळं नाव आणि वेगळं स्थान दिलं. तिच्यात कोट्यवधी चेतापेशी असतात, नेहमीचा अंदाज दहा कोटी ते पन्नास कोटी. हीच जाळी वर अन्ननळीपर्यंत पोचलेली आहे.

म्हणून ‘मेंदूचा निरोप नेणारी दोरी’ एवढंच सांगितलं तर अर्धं खोटं होतं. मेंदूतून निघणारी दहावी चेता, जिला परिभाषेत प्राणेशा म्हणतात, गळ्यातून पोटापर्यंत उतरते. पण तिच्यातले बहुतेक तंतू, साधारण पाचातले चार, खालून वर बातमी नेतात. वरून खाली हुकूम आणणारे थोडे. घराचा बराचसा कारभार घरातलेच बघतात.

याला ‘पोटातला दुसरा मेंदू’ म्हणायची पद्धत पडली आहे. ती मला पटत नाही. आतडं विचार करत नाही. ‘आतडं तुटतं’, ‘आतड्याचं माणूस’ हे आपले बोल मायेचे आहेत, त्यांना विज्ञानाचा दाखला म्हणून उभं करू नये. मोठी आई रोज म्हणते, ‘आवंढा गिळवत नाई.’ तो बोल मात्र जसाच्या तसा डॉक्टरांच्या कामाचा आहे.

आता ‘अन्ननळी’. शब्द रुळलेला आहे, बदलायचा नाही. पण ‘नळी’ ऐकलं की शेतातला पाईप डोळ्यांपुढे येतो: वरून टाकलं, खाली पडलं. म्हणून तर ‘नळी तुंबली, तार घाला’ असं लोक म्हणतात. खरी अन्ननळी रिकामी असताना मिटलेली असते. सुमारे पंचवीस सेंटीमीटरची ती नळी घासाला मागून आवळत, पुढे वाट करत आठ-दहा सेकंदांत पोटात पोचवते. माणूस उलटा टांगला तरी घास पोटाकडेच जातो. हे पाहायचं असेल तर संध्याकाळी गोठ्यात बसा. बैल रवंथ करताना त्याच्या मानेच्या डाव्या बाजूला कातडीखालून एक गोळा सर्रकन वर चढतो. थोड्या वेळाने तोच चघळलेला घास त्याच वाटेने खाली जातो. पाईप असं करत नाही.

मोठ्या आईच्या अन्ननळीत खालच्या टोकाशी एक वर्तुळाकार स्नायू आहे. घास आला की त्याने सैल व्हायचं, बाकी वेळ आवळलेलं राहायचं. ‘सैल हो’ हा निरोप देणाऱ्या भिंतीतल्या पेशीच हळूहळू नाहीशा झाल्या, आणि वरची आवळण्याची लाटही बिघडली. रक्ताचा काही संबंध नाही. ज्याला चोळता येईल असं गळ्यात काहीच नाही. उपायही अन्ननळीच्या त्या खालच्या टोकावरच असतात: फुग्याने ताणणं, किंवा तो स्नायू कापून सैल करणं. कापण्याची शस्त्रक्रिया हेलर नावाच्या जर्मन सर्जनने 1913 मध्ये पहिल्यांदा केली. आता ती तोंडावाटे दुर्बिणीतूनही करतात. पेशी परत येत नाहीत, पण वाट मोकळी होते.

म्हणून सध्या मी असं ठरवलं आहे. रक्ताची ती शीर. निरोपाची ती चेता. कोणी नस म्हटलं तर टोकायचं नाही, फक्त विचारायचं, ‘रक्ताची नस का निरोपाची?’ बोलीतला शब्द मोडायचा नाही, त्याला विशेषण जोडायचं. भिंतीतल्या जाळीला ‘आतड्याची स्वतःची चेता’. लांब आहे, पण खोटं नाही.

काल रात्री मोठ्या बाबांना हे सगळं ओसरीवर सांगितलं. नाडीची पिशवी हातात घेऊन दाखवलं: तोंड आवळलेलं, नाडी सोडायला कोणी नाही, वरून किती दाणे टाकले तरी वरच राहतात. त्यांनी पिशवी घेतली, दोनदा आवळली, सोडली. मग म्हणाले, ‘म्हंजे रस्ता बुजला नाई. फाटक उघड म्हननारा मानूस मेला.’ आणि आत जाऊन तिला म्हणाले, ‘आता गळा नको चोळू देऊ कोनाले.’

त्यांचं ‘फाटक’ मला ‘झडप’पेक्षा बरं वाटलं. झडप ढकललं की आपोआप उघडते, फाटकाला उघडणारा लागतो. पण ते वर्तुळाकार असून चहूबाजूंनी आवळतं, हे ‘फाटक’मध्ये येत नाही. बटव्याच्या किंवा पिशवीच्या अशा तोंडासाठी तुमच्या भागात काही शब्द आहे का? ‘नाडी’ सुचवू नका, डॉक्टर ‘नाडी’ म्हणाले की लोक लगेच मनगट पुढे करतात.