मदत हवी आहे: प्रीडायबिटीस, चिनी काढा आणि स्टॅटिन

माझं एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर) ६.१ आहे, उपाशीपोटी साखर ११२. सहा महिने रोज पाऊण तास चालतेय, गोड बंद, वजन ४ किलो उतरलं, तरी ६.३ वरून एवढंच खाली आलं. मेटफॉर्मिन (साखरेची गोळी) सुरू नाही.

चिनी औषधं देणाऱ्या एका वैद्यांनी हुआंगलियान या मुळीचा काढा सुचवलाय. त्यातलं बर्बेरिन हे द्रव्य साखर उतरवायला मदत करतं, पण ते यकृतातल्या सीवायपी३ए४ या एन्झाइमला अडवतं. मी अ‍ॅटोर्व्हास्टॅटिन १० मिग्रॅ ही कोलेस्टेरॉलची स्टॅटिन गोळी घेते, त्याचा निचराही त्याच वाटेने होतो. काढ्यामुळे स्टॅटिन रक्तात साठेल, खरी धास्ती हीच. स्टॅटिन बंद करायचं नाहीये. किडनी-लिव्हरचे रिपोर्ट नॉर्मल, गरोदर नाही. पुढच्या आठवड्यात डॉक्टरांना भेटतेय, तोवर काढ्याला हात लावणार नाही.

दोन्ही एकत्र घेतलेलं कुणी आहे का? डॉक्टरांनी स्टॅटिन बदललं की डोस कमी केला, आणि कोणत्या तपासण्या किती दिवसांनी करायला सांगितल्या?