दिवाळीला आवरलेलं घर संक्रांतीपर्यंत तरी कसं टिकवायचं?

ओवळेकरीण
घोडबंदर रोडला दोन बेडरूमचा फ्लॅट. माणसं पाच: आम्ही दोघं, सासूबाई, मुलगा सातवीत, मुलगी पहिलीत. मी ऐरोलीला नोकरीला, नवरा अंधेरीला. घोडबंदरच्या ट्रॅफिकबद्दल नव्याने काय लिहू? घरी पोचेपर्यंत अंगात त्राण नसतं एवढंच.

घर घाण नाही. केर-लादी आणि भांड्यांना मावशी येतात. प्रश्न पसाऱ्याचा आहे. दरवर्षी दिवाळीआधी चार दिवस राबतो, माळे रिकामे करतो, फोटो माहेरच्या ग्रुपवर टाकतो, आणि तुळशीच्या लग्नापर्यंत येरे माझ्या मागल्या. डायनिंग टेबलावर शेवटचं कधी जेवलो आठवत नाही. त्यावर हेल्मेट, कुरियरची खोकी, सासूबाईंच्या गोळ्या, शाळेच्या नोटिसा आणि एक स्क्रू-ड्रायव्हर, जो मे महिन्यापासून तिथेच आहे.

डबे आणून लेबलं लावली. लेबलं अजून आहेत, आत भलतंच आहे. फ्रिजवर आठवड्याचं टाइमटेबल चिकटवलं, नव्याचे नऊ दिवस चाललं. कुणीतरी म्हणालं, २१ दिवस सलग केलं की सवय लागते. तेही केलं. अठराव्या दिवशी ताप आला, तिथेच संपलं.

आवरायच्या टिप्स नकोत, त्या भरपूर आहेत. टिकवायचं कसं ते सांगा.

कोपरीचा_कट्टा
टेबल विकून टाका. आम्ही विकलं. आता पसारा दिवाणावर असतो, पण रात्री झोपायचं असतं म्हणून उचलावाच लागतो.

निळी_छत्री
त्या २१ दिवसांचं आधी डोक्यातून काढा. मॅक्सवेल मॉल्ट्झ नावाच्या अमेरिकन प्लास्टिक सर्जनने १९६० मध्ये लिहिलं होतं की शस्त्रक्रियेनंतर नव्या चेहऱ्याची सवय व्हायला रुग्णांना कमीत कमी २१ दिवस लागतात. 'कमीत कमी' गळून पडलं आणि चेहऱ्याच्या जागी जगातली प्रत्येक सवय आली.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातल्या फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांना १२ आठवडे एकेक नवीन सवय लावायला सांगितली होती. जेवणासोबत फळ खाणं, पाणी पिणं अशा साध्या गोष्टी. कृती आपोआप व्हायला लागण्याचा मधला आकडा निघाला ६६ दिवस, आणि माणसामाणसात फरक १८ पासून २५४ पर्यंत (बारा आठवड्यांपुढचे आकडे गणिताने काढलेला अंदाज). तुमच्या कामाचं म्हणजे एखादा दिवस चुकला तर फारसं बिघडत नव्हतं. म्हणजे तुमची सवय तापाने मोडली नाही. तुम्ही मोडली असं धरून सोडून दिलीत.

दुसरं, त्या सगळ्या सवयी रोजच्या एखाद्या ठरलेल्या गोष्टीला बांधलेल्या होत्या. 'संध्याकाळी आवरेन' ही वेळ नाही. 'कुकर लावला की शिट्ट्या होईपर्यंत टेबल रिकामं करेन' ही वेळ आहे, कारण कुकर रोज लागतोच.

ओवळेकरीण
कुकरचं आवडलं. पण कुकर सासूबाई लावतात :)

निळी_छत्री
मग दारातून आत आल्यावर पहिलं काय करता? तिथे बांधा.

एमआयडीसी_काका
ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका कारखान्यात सुपरवायझर होतो, आता निवृत्त. आमच्याकडे जपानी पद्धतीचं फाइव्ह एस चालायचं: सेइरी, सेइतॉन, सेइसो, सेइकेत्सु, शित्सुके. नको ते काढा, हवं त्याला जागा द्या, पुसा, पद्धत ठरवा, ती पाळा. लोक दुसऱ्यापासून सुरू करतात. तुम्हीही थेट डबे आणि लेबलं आणलीत. नको असलेल्या वस्तूला कितीही छान डबा दिलात तरी ती नकोच असते.

ज्या वस्तूचं काय करायचं कळत नसे तिला आम्ही तारीख घालून लाल चिठ्ठी लावायचो आणि एका कोपऱ्यात ठेवायचो. मुदतीत कुणी मागितली नाही की बाहेर. घरी बाल्कनीत एक खोकं ठेवा. कुणाशी वाद घालायला नको, तारीखच निकाल देते.

आणि हत्यारांच्या फळीवर प्रत्येक पान्याचा आकार रंगवलेला असायचा. पाना जागेवर नसला तर लांबून कळायचं. बंद डब्यात काही कळत नाही, म्हणून लेबलाखाली भलतंच साठतं. किल्ल्या, कात्री, हेल्मेट उघड्यावर खुंटीला लावा. मी घरी भिंतीवर कात्रीचा आकार काढला होता. 'हे घर आहे, वर्कशॉप नाही' असं ऐकून घ्यावं लागलं, पण कात्री अजून तिथेच सापडते.

दुपारची_झोप
सगळं वाचलं. एक विचारू? पाच माणसांचा पसारा आणि धागा काढायला एकटी ओवळेकरीण. कुकरला बांधा, दाराला बांधा, सगळं बाईच्याच पदराला. हेल्मेट कुणाचं आहे?

ओवळेकरीण
नवऱ्याचं. स्क्रू-ड्रायव्हरही त्यानेच कशाला तरी काढला असणार.

दुपारची_झोप
मग हेल्मेटची खुंटी त्याने स्वतः ठोकायची. दुसऱ्याने ठरवलेल्या जागेवर कुणी वस्तू ठेवत नाही, हा बारा वर्षांचा अनुभव. मुलीच्या खेळण्यांची टोपली तिच्या उंचीला, तिने निवडलेली. सासूबाईंच्या गोळ्या त्या जिथे पाणी पितात तिथे. आणि मुलगा सातवीत आहे, त्याला अजिबात सूट नाही.

पामबीच_पायी
माझी अडचण पावसाळ्याची, इथेच लिहिते. जून ते सप्टेंबर नेरुळला कपडे दोन-दोन दिवस वाळत नाहीत. अर्धवट ओले, अर्धवट घातलेले, सगळे एका खुर्चीवर. कपाटात ठेवावेत तर कुबट वास.

निळी_छत्री
खुर्चीला दोष देऊ नका. एकदा घातलेल्या कपड्यांना घरात अधिकृत जागाच नसते, म्हणून ते खुर्चीवर जातात. दाराच्या मागे माणशी दोन हुक लावा. दोन भरले की तिसरा कपडा धुवायला. दमट मात्र कपाटात अजिबात नाही, पंख्याखाली राहू देत.

कोपरीचा_कट्टा
आणि श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यांचं? आमच्याकडे चाळीस आहेत, मोजले.

एमआयडीसी_काका
एक खण ठरवा. खण भरला की नवा डबा आला तर जुना जाणार. फेकू म्हणालात तर घरात युद्ध होईल.

ओवळेकरीण
सात आठवड्यांनी धागा वर काढतेय.

एकच सवय धरली: आत आल्यावर चप्पल काढायच्या आधी हातातलं जागेवर. दारापाशी खुंट्या आणि कागदांसाठी एक ट्रे. खुंट्या नवऱ्याने ठोकल्या, एक तिरकी आहे, हेल्मेट तिच्यावरच असतं. मधे गणपतीला चार दिवस गावी गेलो, आल्यावर दोन दिवस काहीच झालं नाही, मग परत सुरू झालं. यावेळी मोडलं असं धरलं नाही. टेबलावर आठवड्यातून चारेक वेळा जेवतो. सासूबाईंनी गोळ्या स्वतःच हलवल्या, माठाशेजारी.

लाल चिठ्ठीच्या खोक्यात पहिला स्क्रू-ड्रायव्हर टाकला होता. परवा शेजारचे काका आले आणि म्हणाले, अरे, हा आमचा, मी कधीपासून शोधतोय.

माळ्यांना अजून हात लावलेला नाही. तिथे लग्नातली भांडी आणि दोन बंद पडलेले मिक्सर आहेत. बोहारीण आता येत नाही. ठाण्यात पितळ योग्य भावात घेणारं कुणी माहीत आहे का?