अनुभव धागा: अडगळीतली जुनी स्कूटर पुन्हा रस्त्यावर आणताना

जिन्याखाली, वाड्याच्या बोळात, शेतघराच्या पडवीत अजून कितीतरी चेतक, प्रिया, एलएमएल, कायनेटिक होंडा धूळ खात उभ्या आहेत. 2009 च्या अखेरीस बजाजने पेट्रोल स्कूटर बंद करत असल्याचं जाहीर केलं, आणि ह्या जुन्या गाड्या आता आहेत तेवढ्याच. दर महिन्याला त्यातल्या काही किलोच्या भावाने भंगारात जातात, याचं फार वाईट वाटतं. अशी गाडी सेकंडहँड घेऊन कुणी चालू केली असेल तर सविस्तर लिहा. ‘मेकॅनिककडे दिली, झाली चालू’ एवढंच नको. आत काय निघालं, काय बदललं, काय वाचलं ते हवंय. सुरुवात मी करते.

पुणे, चेतक

पेठेतल्या एका वाड्यातून घेतली. विकणारे काका म्हणाले, मारा किक! मी मारली नाही. वर्षानुवर्षं उभ्या असलेल्या टू-स्ट्रोकमध्ये सिलिंडरच्या भिंतीला गंज धरलेला असू शकतो, आणि कोरड्या इंजिनाला किक मारली की पिस्टनच्या रिंगा त्यावर खरवडल्या जातात. प्लग काढला, भोकातून थोडं टू-टी ऑइल (टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोलसोबत जळणारं ऑइल) सोडलं आणि रात्रभर तशीच ठेवली. सकाळी वरच्या गिअरमध्ये टाकून मागचं चाक हाताने हळूहळू फिरवलं. इंजिन मोकळं होतं.

मग पंख्याचं कव्हर उघडलं. आत उंदरांचं घरटं, कागद, चिंध्या. ही गाडी फक्त त्या पंख्याच्या हवेवर थंड राहते. तशीच पळवली असती तर तापून जाम झाली असती. म्हणून माझं ठाम मत आहे की बंद गाडीचं हे कव्हर उघडल्याशिवाय ती चालू करूच नये.

टाकी उतरवली. तळाशी जुन्या पेट्रोलचा चिकट थर आणि गंज. आत मूठभर बारीक नट टाकून हलवलं, धुतलं, कडक उन्हात वाळवलं, पेट्रोल चालू-बंद करणारा कॉक नवा घातला. कार्बोरेटरचे जेट, म्हणजे पेट्रोल येण्याची बारीक भोकं, हवेने साफ केले. त्यात तार घालू नका, भोक मोठं होतं आणि मग पेट्रोलचा हिशोब कायमचा बिघडतो. पॉइंटवर (उघडझाप करून प्लगला ठिणगी देणाऱ्या संपर्कावर) काळा थर होता, तो पॉलिश पेपरने घासून गॅप 0.4 मिमीला आणली. प्लग हेडला टेकवून पाहिलं तर निळी ठिणगी! पेट्रोलमध्ये लिटरला 20 मिली ऑइल घातलं, चोक ओढला, आणि गाडीने आवाज दिला. डोळ्यांत पाणी आलं माझ्या.

सातारा, प्रिया

ताई, छान लिहिलंत. पण चालू झाली म्हणजे झालं असं नाही, खरी परीक्षा त्यानंतर. प्रिया आमच्या गावची गाडी, महाराष्ट्र स्कूटर्सच्या कारखान्यात इथंच बनायची. मी आणली ती लगेच चालू झाली, पण पांढरा धूर काही थांबंना. थंड इंजिनात थोडा धूर येणारच. गाडी तापल्यावरही येत राहिला आणि गिअर ऑइल कमी व्हायला लागलं, की समजायचं क्लचकडचं ऑइल सील गेलं. उभ्या गाडीत सीलचं रबर कडक होतं आणि इंजिन गिअर ऑइल ओढून जाळतं. मॅग्नेटोकडचं, म्हणजे वीज तयार होते त्या बाजूचं, गेलं तर उलटा प्रकार. तिथून हवा शिरते, रेस आपोआप चढते, आणि पेट्रोल-ऑइल कमी पडून पिस्टन जाम होतो. मी इंजिन उतरवून दोन्ही सील आणि क्रँकचे बेअरिंग बदलून घेतले. आतली मजुरी एकदाच द्यायची असेल तर सगळं एकदमच करा.

क्लच प्लेटा चिकटल्या असतील तर घाबरू नका. बंद गाडी गिअरमध्ये टाका, क्लच दाबून धरा आणि पुढे-मागे ढकला. बहुतेक वेळा सुटतात.

कोल्हापूर

टायरवाल्याकडं न जाता घरी ट्यूब बदलणाऱ्यांसाठी एकच सांगतो. ह्या स्कूटरच्या चाकाची रिम दोन तुकड्यांची असते. हवा पूर्ण सोडल्याशिवाय तुकडे जोडणारे नट कधीच सोडू नका. हवा भरलेली रिम उघडली तर लई जोरात उडते. आणि टायरला नक्षी दिसत असली तरी बाजूला चिरा असतील तर टाकून द्या. स्टेपनीचाही.

नाशिक, कायनेटिक होंडा

हिच्यात ऑइलची टाकी वेगळी आणि पंपाने ऑइल आपोआप जातं, हे विसरून चालत नाही. उभ्या गाडीच्या ऑइलच्या नळीत हवा अडकते. मी हवा काढली, तरीही पंपाची खात्री होईपर्यंत पेट्रोलमध्येही ऑइल मिसळलं. धूर झाला, पण इंजिन वाचलं. बेल्टला भेगा होत्या, व्हेरिएटरचे (वेगाप्रमाणे आपोआप गिअर बदलणाऱ्या भागाचे) रोलर एका बाजूने चपटे झाले होते. ते बदलल्यावर चढावर पूर्वीसारखी ओढायला लागली.

रत्नागिरी, एलएमएल

आमच्या खाऱ्या हवेत इंजिनाआधी पत्रा जातो. ह्या गाड्यांना वेगळी चासी नसते, पत्र्याचा सांगाडा हीच चासी. म्हणून पैसे देण्याआधी पायाखालचं रबर उचला आणि गाडी आडवी करून खालून बघा. खिशात लोहचुंबक ठेवा. जिथे तो चिकटत नाही तिथे पत्र्याऐवजी पुट्टी आहे. माझ्या गाडीचा अख्खा फुटबोर्ड कापून नवा वेल्ड केला. त्यावर फक्त रंग मारून चालवणं म्हणजे जिवाशी खेळ.

नागपूर

कागदांचं कुणीच लिहिलं नाही. नोंदणी 15 वर्षांची असते, पुढे फॉर्म 25 भरून पाच-पाच वर्षांनी वाढवावी लागते. नावावर करायला फॉर्म 29 आणि 30. मूळ मालक वारले असतील तर वारसाला फॉर्म 31. आरसीवरचा चासी नंबर गाडीवरच्या नंबराशी स्वतः ताडून बघा, मगच व्यवहार करा. नवी सुरक्षा नंबरप्लेटही लागते.

एक प्रश्न: आताचं इथेनॉलवालं पेट्रोल चालतं का?

पुणे, चेतक

चालतं, पण इथेनॉल पाणी ओढतं आणि आपली टाकी लोखंडी. मी पेट्रोलची नळी नवीन, इथेनॉलला टिकणारी घातली. गाडी उभी राहणार असेल तेव्हा कॉक बंद करून कार्बोरेटरमधलं पेट्रोल संपेपर्यंत इंजिन चालू ठेवते. फार दिवस उभी राहणार असेल तर टाकीच रिकामी करते.