प्रति: तक्त्यावरून संभाव्यता – छेद कोणता घ्यायचा?

'सूत्र पाठ केलं की तक्त्याची गणितं सुटतात' हे या चर्चेतलं वरचं म्हणणं मला पटत नाही. मुलं अडतात ती छेदावर. तासगावकडच्या मुलांना मी द्राक्षबागांचाच तक्ता देते. समजा 200 बागा. 80 आगाप, म्हणजे लवकर केलेल्या छाटणीच्या, त्यांतल्या 24 बागांत दावण्या हा वेलीचा रोग. उरलेल्या 120 पैकी 12 बागांत. कोणतीही बाग निवडली तर दावण्याची संभाव्यता 36/200, म्हणजे 0.18. बाग आगाप आहे एवढं कळलं, की बाकीच्या ओळी वहीने झाकायला सांगते. उरतं 24/80, म्हणजे 0.30. आणि दावण्या आलेली बाग आगाप असण्याची? आता दावण्याचा स्तंभ तेवढा उघडा ठेवायचा: 24/36, दोन-तृतीयांश. अंश तोच, छेद बदलला!

स्वातंत्र्याचा मुद्दा मात्र इथे कुणीच काढला नाही. 0.30 आणि 0.18 सारखे आले असते तर छाटणी आणि रोग या स्वतंत्र घटना ठरल्या असत्या, आणि आगाप व दावण्या दोन्ही असलेल्या चौकटीत 80 × 36 / 200 म्हणजे साधारण 14 बागा दिसल्या असत्या. आहेत 24, म्हणजे या घटना स्वतंत्र नाहीत. आगाप बागेची कोवळी फूट पावसात सापडते आणि रोग धरते, हे या मुलांना घरूनच ठाऊक असतं.